भाऊजींचा एसी डोम

आमच्याकडे जावयाशी भांडायची सोय नाही. सख्ख्या भावाशी भांडा, शेजाऱ्याशी भांडा, भाडेकरूशी तर भांडलंच पाहिजे. पण जावई दारात दिसला की हातात पाण्याचा तांब्या आणि तोंडात ‘या भाऊजी’ आलंच. ही रीत ज्याने पाडली त्याच्या दुकानात जावई कधी रोजचा येऊन बसला नसणार. माझ्या बसला. तेव्हापासून ज्या माणसाचा मी मनापासून दुस्वास करतो, त्याच्याशी दिवसभर अदबीने बोलतो. इतका सभ्य, इतका इस्त्री केलेला दुस्वास फार थोड्यांच्या नशिबी येत असेल. मी त्याचा एकही घास वाया जाऊ दिलेला नाही.

आमचं नागपूरच्या महाल भागात बिछायत केंद्र आहे. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो की पुढाऱ्याचं भाषण, त्याला लागणारं सगळं आमच्याकडून भाड्यानं जातं. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज, पाण्याचे गुंड, आणि उन्हाळ्यात म्हशीएवढे कूलर. दुकान वडिलांचं. ते गेल्यावर त्यांच्या गादीवर मी बसलो. गादी म्हणजे खरीच गादी, पांढऱ्या खोळीची, मागे लोड, पुढे लाकडी पेटी. तिच्यावर बसायचं, पायऱ्या चढून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या चपला बघायच्या, मग चेहरा बघायचा, आणि भाडं सांगायचं. हे काम मी नाटकातल्या राजासारखं करत असे. थोडं थांबून, छताकडे बघून, उसासा टाकून. काही गिऱ्हाइकं तर नुसती तो उसासा ऐकायला यायची असं मला वाटतं.

दुकानात निम्मा हिस्सा माझ्या थोरल्या बहिणीचा. ताई लग्न होऊन सावनेरकडे गेली. भाऊजी तिकडे कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपात इंजिनिअर होते. हिस्सा दर दिवाळीला मिठाईच्या डब्यासोबत तिच्या घरी पोचायचा आणि कोणाच्याच पोटात दुखत नव्हतं. मग भाऊजींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, हुडकेश्वरला घर बांधलं, मागच्या मोकळ्या जागेत शेड टाकून ती आम्हाला गोदामासाठी दिली, आणि एका सोमवारी सकाळी जेवणाचा डबा घेऊन दुकानात आले.

“बसतो थोडा वेळ,” म्हणाले.

ते अजून उठलेले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्लॅस्टिकची एक खुर्ची उलटी केली, तिचे पाय दाबून पाहिले आणि मला विचारलं, “साळेबुवा, हिचं आयुष्य किती?”

“भाऊजी, ते तर वरच्याच्या हातात आहे.”

“मजाक नाही करून राहिलो मी. किती लग्नं काढते ही? धुवायचा खर्च किती? टेम्पोत चढवताना किती फुटतात? फुटल्यावर भंगारात काय येते?”

“मले काय मालूम? खुर्ची आहे. बसतात लोकं.”

भाऊजींनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं डॉक्टर लोक बिडी ओढणाऱ्या दमेकऱ्याकडे पाहतात.

आमच्या धंद्याचा हिशेब वडिलांच्या वेळेपासून एका वाक्यात बसणारा आहे. एका सीझनमध्ये वस्तूनं आपली किंमत काढली की पुढे येईल ते आपलं. भाऊजींचं म्हणणं होतं की हे वाक्य म्हणजे अडाणीपणाचा कळस आहे. त्यांच्या वर्कशॉपात कुठलंही यंत्र घ्यायचं झालं की त्याचा लाइफ सायकल कॉस्ट काढत. विकत घेताना मोजली तेवढीच किंमत नाही. ते आणायचं, बसवायचं, चालवायचं, तेल-डिझेल पाजायचं, बिघडलं की दुरुस्त करायचं, बंद असताना ठेवायला जागा लागते तिचं भाडं, आणि शेवटी मोडीत घालताना हातात काय येतं, ते सगळं आधीच मांडायचं. मग त्याला ते जितके तास चालणार तितक्या तासांनी भागायचं. “जे मशीन स्वस्तात मिळते, ते पाळायले महाग पडते, साळेबुवा.” असं म्हणून ते चष्मा पुसत. चष्मा पुसताना त्यांचा चेहरा इतका समाधानी दिसे की मला उठून दुकानाचं शटर पाडावंसं वाटे.

सगळ्यात आधी त्यांनी माझ्या सिंहासनांवर हात टाकला. नवरानवरीसाठी मी दोन सोनेरी सिंहासनं घेतली होती, हातांच्या टोकांना सिंहाची उघडी तोंडं असलेली. ती माझी जान होती. रिकाम्या दुपारी मी स्वतः त्यातल्या एकावर बसून चहा प्यायचो. भाऊजी काही दिवस गुपचूप त्यांच्या मागे लागले आणि मग हमालांसमोर मला ऐकवलं, “या सिंहांचे तोंड उघडे असल्यामुळं त्यांच्यावर दुसरं काहीच रचता येत नाही. म्हणून दर लग्नाले टेम्पोची एक खेप वेगळी. सोनेरी वर्ख दर खेपेले निघतो, म्हणून पेंटर वेगळा. गोदामात खुर्च्यांची अख्खी थप्पी बसते तेवढी जागा हे दोघं अडवून बसले. तुम्ही यांचं भाडं खात नाही, साळेबुवा. हे सिंह तुम्हाले खाऊन राहिले.”

हमाल हसले. मीही हसलो, कारण जावई बोलत होता. आतून मात्र माझं रक्त चुलीवरच्या दुधासारखं वर येत होतं, आणि त्याचं कारण म्हणजे तो माणूस बरोबर बोलत होता. माणूस चूक असला तर त्याला क्षमा करता येते. मी सिंहासनं विकली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं भाडं वाढवलं, आणि का वाढवलं ते मेलो तरी त्या माणसाला सांगितलं नाही.

खरी लढाई दिवाळीच्या सुमारास पेटली. भाऊजींच्या डोक्यात एसीचा डोम आला. चारी बाजूंनी बंद, पांढऱ्या कापडाचा घुमट, आत कपाटासारखे उभे मोठाले एसी, बाहेर ट्रकवर ठेवलेला जनरेटर. मे महिन्यात नागपूरला लॉनवर लग्न लावायचं म्हणजे कूलर कितीही लावा, पाहुणे दमट भजी होऊन बाहेर पडतात. हे मलाही दिसत होतं.

“एकदा एसीत जेवलेला पाहुणा आपल्या पोरीच्या लग्नात कूलर लावत नाही,” भाऊजी म्हणाले. “मोठी गिऱ्हाइकं हातची जाऊन राहिली. मी माझे निवृत्तीचे पैसे घालतो. दुकानाचा एक पैसा नको.”

मी गादीवरून उठलो. उठून बोलायची वेळ मी क्वचित येऊ देतो. “भाऊजी, हे यंत्र नाही, हे दुसरं लग्न आहे. पहिलीले विचारलं का?”

“विचारलं,” माझ्या पाठीमागून आवाज आला. ताई हुडकेश्वरहून स्कूटीवर आली होती आणि हेल्मेट काढत पायरीवर उभी होती. “पहिली हो म्हणाली. तुले काहून त्रास हून राहिला गा?”

“मले त्रास नाही, ताई. बाबांच्या धंद्याले त्रास आहे. आपण भाड्यानं देतो ते सामान हमाल उचलून नेतात. हे सामान आपल्याले उचलून नेईल.”

“याले हिशेब म्हणत नाही,” भाऊजी म्हणाले. “तोंड पाहून भाव सांगणं, उसासे टाकणं, हा धंदा नाही, हा तमाशा आहे.”

“आणि तुम्ही काय करून राहिले? खुर्च्यांच्या पत्रिका काढून राहिले!”

“खुर्चीची पत्रिका काढली असती तर बाबांच्या मागं एवढा मोडका माल राहिला नसता.”

ते ‘बाबांच्या’ मला झोंबलं. मी बोलू नये ते बोललो, म्हणजे अत्यंत आदरानं बोललो: “भाऊजी, तुम्ही खाणीतून वर आले, पण अजून अंधारातच आहे.”

ताईनं हेल्मेट पेटीवर आदळलं. “चूप बसा दोघंही. रोज माह्या घरी हे येऊन तुह्या नावानं बोटं मोडतात, अन् तू फोन करून यांच्या नावानं. मी काय दोघांचं थुंकीचं भांडं आहे? हे बघा. डोम येईल. हे पहिल्या उन्हाळ्याचा जो आकडा काढतील तो जूनअखेर आपल्या शाळा उघडेपर्यंत डोमनं कमवून दाखवला, तर गादीवर हे बसतील अन् तू उठशील. नाही कमवला, तर हे दुकानाची पायरी चढणार नाही. घरी बसून मटार सोलतील.”

भाऊजी म्हणाले, “मंजूर.” मी म्हणालो, “मंजूर.” इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

मग भाऊजी आकडा काढायला बसले. डिझेल, मजुरी, टेम्पो, डोमचं कापड धुणं, एसीचा गॅस भरणं, सगळं मांडलं. राहता राहिलं एकच: उन्हाळ्यात डोम किती दिवस चालणार. त्यांनी मान वर करून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. एप्रिल, मे, जून अशी पानं उलटली, लग्नाचे मुहूर्त मोजले, त्यातले अर्धेच आपल्याला मिळतील असं सावधपणे धरलं, आणि भागाकार करून एका रात्रीचा दर काढला. काम अगदी नेटकं होतं. मी स्वतः पाहिलं; मलाही त्यात खोट दिसली नाही. दुसऱ्याच दिवशी ते कारखान्याला पैसे भरून आले.

वर्षाच्या शेवटी नवं कॅलेंडर आलं. मी गादीवर बसून ते उलटत होतो. आमच्या धंद्यात नवं कॅलेंडर माणूस नव्या नोटेसारखं उलटतो. मे महिन्याच्या पानावर आलो आणि माझा हात थांबला. मध्यापासून पुढे, जूनच्या अर्ध्यापर्यंत, चौकटी कोऱ्या होत्या. एकही मुहूर्त नाही. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: अधिक ज्येष्ठ.

अधिक महिन्यात लग्न लागत नाही. भाऊजींनी मुहूर्त मोजले होते जुन्या वर्षाच्या पानांवर, आणि अधिक काही दर वर्षी येत नाही. त्यांच्या डोमचा अर्धा उन्हाळा पंचांगानं गिळला होता.

मी काय केलं ते सांगतो. मी लोडाला टेकलो. डोळे मिटले. आणि एक उसासा टाकला, माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब, सर्वांत गोड उसासा. मग पेढे आणवले आणि भाऊजींची वाट पाहत बसलो. ते आले तसा मी त्यांच्या हातात पेढा ठेवला.

“कशाबद्दल?”

“अधिक आला, भाऊजी. ज्येष्ठात.”

“वा,” ते म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. “म्हणजे यंदा वाण आहे आम्हाले.”

आणि मला कळलं की हा माणूस अधिक महिना ओळखत होता, पण घेणाऱ्याच्या बाजूनं. त्यांच्या आयुष्यात अधिक म्हणजे सासुरवाडीचं आमंत्रण, अनारसे, पुरणाचे धोंडे आणि नवं धोतर. खाणीतली यंत्रं अधिकात बंद पडत नाहीत. मी कॅलेंडर त्यांच्यासमोर धरलं आणि कोऱ्या चौकटींवरून एकेक करत बोट फिरवलं. पेढा त्यांच्या गालात तसाच राहिला. तो त्यांनी गिळला की नाही, मला आजही माहीत नाही.

“पैसे तर भरले,” ते शेवटी म्हणाले.

“मटार सोलायले बरे असतात, भाऊजी. बोटांले व्यायाम होतो.”

उन्हाळा आला. अधिक लागायच्या आधी सगळ्यांना आपापली पोरगी उजवायची घाई झाली आणि लग्नं एकमेकांच्या अंगावर पडली. एकेका तारखेला चार-चार यजमान डोम मागायला येत, पण डोम एक. तीन परत जात, आणि डोम उतरवून दुसरीकडे उभारेपर्यंत मधले मुहूर्त हुकत. भाऊजी डोमच्या दोऱ्या ताणत उन्हात काळे ठिक्कर पडले. मी गादीवर बसून मान हलवत सगळ्यांना सांगायचो, “काय करता, आमच्या भाऊजींनी एकच घेतला. दूरदृष्टी!” मग अधिक लागला आणि शहरातले बँड, घोडे, केटरर, सगळे एकदम गप्प झाले. डोम हुडकेश्वरच्या शेडमध्ये घडी होऊन पडला. भाऊजींच्या आकड्याचा जेमतेम अर्धा हिस्सा जमला होता. मी दुकानात बसून गाणी म्हणू लागलो.

आता अधिकात जावयाला घरी बोलवावंच लागतं. आईवडील नाहीत, म्हणून मान द्यायचा तो मी. ताई आणि भाऊजींना लक्ष्मीनारायणाचा जोडा समजून पाटावर बसवायचं, पूजा करायची, वाण द्यायचं, वाढायचं. ज्या माणसाला महिन्याभरात दुकानातून हाकलायचं आहे, त्याच्या पायावर मी आनंदाने दोन तांबे पाणी जास्तच घातलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ पेटते दिवस, चालू होता, घरात पंखा गरम हवा ढकलत होता. मी धोंडे वाढत होतो, कोपरापर्यंत तुपाने माखलेला.

“घ्या भाऊजी, अजून एक घ्या. आता घरीच राहायचं आहे, पचेल.”

“वाढा,” भाऊजी म्हणाले. “तुमच्या घरचं मीठ जास्त आहे, पण सवय झाली.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे हात तुपाचे, म्हणून ताईनं फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि ताटाशेजारी ठेवला. पलीकडून एक जाडा, वयस्क आवाज आला.

“बिछायतवाले का? आमच्याकडे भागवत सप्ताह आहे. अधिकाचा. मागच्या खेपेले उन्हानं बायका चक्कर येऊन पडल्या, कथा थांबवावी लागली. तुमच्याकडे एसीचा डोम आहे म्हणून ऐकलं. पूर्ण सात दिवस पाहिजे, सकाळपासून रात्रीच्या आरतीपर्यंत.”

भाऊजींचा घास हातात राहिला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. डोम नाही म्हणावं तर तो तिच्याच घरामागे पडलेला होता. मोडला म्हणावं तर ज्याने तो रोज पुसला तो माणूस माझ्यासमोर नारायण होऊन बसला होता. मला एकच मार्ग दिसला. गिऱ्हाइकानंच फोन ठेवला पाहिजे. मी फोनकडे वाकलो, छताकडे पाहिलं, नेहमीसारखा थांबलो, आणि लग्नाला एका रात्रीचा जो भाव सांगत होतो त्याच्या तिप्पट भाव सांगितला. एका दिवसाचा. वर म्हणालो, “डिझेल तुमचं. आणि एक पैसा कमी होणार नाही. धर्माच्या कामात घासाघीस करू नये.”

पलीकडे कोणीतरी कोणालातरी काहीतरी विचारलं. मग तो आवाज म्हणाला, “ठीक आहे. यजमान हो म्हणून राहिले. त्यांच्या आईले कथा ऐकायची आहे. उद्या माणसं पाठवा.”

फोन बंद झाला. माझ्या कोपरावरून तुपाचा एक थेंब ताटात पडला.

“गजब भाव सांगितला गा तू,” ताई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. भाऊजींनी तो घास तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि म्हणाले, “अजून एक धोंडा वाढा, साळेबुवा. आता भूक लागली.”

मी त्या कथेला गेलो होतो. भागवत ऐकायला नाही. जनरेटर बंद पडतो का ते पाहायला. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत बायका शाली पांघरून बसल्या होत्या. मे महिन्यात! नागपुरात! एक आजी तर महाराजांना सोडून दर थोड्या वेळानं एसीलाच नमस्कार करत होत्या. मी मागच्या बाजूला गेलो. भाऊजी जनरेटरशेजारी स्टुलावर बसले होते, हातात चिंधी, नजर तासांच्या मीटरवर.

“आत थंड आहे, भाऊजी. बसा जरा. पुण्य लागेल.”

“तुम्ही बसा. तुमचं खातं जास्त मायनस आहे.”

“हे बंद पडलं तर?”

“तुमची नजर लागली नाही तर नाही पडत.” त्यांनी मीटरवर चिंधी फिरवली. “लग्नात संध्याकाळचे काही तास चालते. इथं दिवसभर जळून राहिलं. मशीनचं आयुष्य पाण्यासारखं वाहून राहिलं.”

मला ते त्यांचं रडगाणं वाटलं, म्हणून मी खूश होऊन परतलो. पण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वस्तीतली मंडळी दुकानात आली. त्यांचा शिवपुराणाचा मंडप होता आणि त्यांच्या बायका म्हणत होत्या, आम्हाले काय उकडत नाही का? मी पुन्हा तोच दर सांगितला. या वेळी चिडून थोडा वाढवून सांगितला. ते उठले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, त्या लोकांनी किती दिले? मी म्हणालो, तेवढेच. मग त्यांनी त्याच्यावर अजून थोडे घातले, म्हणजे मग आपला डोम त्यांच्यापेक्षा जास्त थंड राहील, अशी त्यांची समजूत. मी कोणाला पिटाळायला भाव फुगवायचा आणि तो फुगलेला भाव पाहून लोकांनी डोमला अधिकच मानायचं, असं चाललं होतं. अधिक संपायच्या आत भाऊजींचा आकडा भरला. शाळा उघडायला वेळ होता.

ताई आली तेव्हा मी अजून गादीवरच होतो. तिनं पेटी उघडून हिशेब पाहिला आणि पेटी मिटली.

“ऊठ गा.”

मी उठलो. उठताना लोड हाताने सारखा केला. तेवढं माझं राहिलं होतं. भाऊजी पायरीवर चष्मा पुसत उभे होते.

“एक सांगतो,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. “माझा हिशेब चुकला होता. मी दिवस मोजले लग्नाचे, तास मोजले लग्नाचे. हे मशीन अधिकात जितके तास चाललं, तितके तास माझ्या दरानं दिलं असतं तर त्याचं आयुष्यही गेलं असतं आणि घरातले पैसेही. तो तिप्पट भाव तुमचा. तो मी कधीच सांगू शकलो नसतो. मी शरमलो असतो.”

“मी दुष्टपणानं सांगितला,” मी म्हणालो.

“मालूम आहे. म्हणूनच खरा निघाला.”

मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, बसा साळेबुवा, गादी तुमचीच. मी बसायला वाकलोही होतो. भाऊजींनी खोळ ओढून काढली, गादी गुंडाळली, तिच्यावर क्रमांक लिहिला आणि भाड्याच्या मालात टाकली. तिच्या जागी टेबल ठेवलं आणि स्वतः टेबलामागे बसले. वडिलांची गादी!

“गादी पडून राहिली तर वाळवी लागते, साळेबुवा. आता कमवेल. आणि तुमच्यासाठी वेगळं काम आहे. तुम्ही दाराशी स्टुलावर बसायचं. मोठं गिऱ्हाईक आलं की भाव तुम्ही सांगायचा.”

“मी? काहून?”

“तुम्ही रागात असले की भाव बरोबर सांगता. तुमचा राग या दुकानातली एकच वस्तू अशी आहे जिले ना डिझेल लागते, ना दुरुस्ती, ना ठेवायले जागा. किती वर्षं चालेल त्याचा मी अंदाज केला आहे. माझ्यापेक्षा जास्त.”

ताई जोरात हसली आणि हेल्मेट घालून निघून गेली.

तर मी स्टुलावर बसतो. भाऊजींचा धंदा वाढला आहे. मोठं लग्न घेऊन कोणी पायऱ्या चढायला लागलं की ते टेबलामागून मुद्दाम काहीतरी बोलतात. परवाच कोराडी रोडकडचं एक श्रीमंत कुटुंब आलं, नवरा, बायको आणि हातात याद्या घेतलेली मुलगी. ते अजून खुर्च्यांवर टेकलेही नव्हते, तोच भाऊजी हिशेबातून मान न काढता मला म्हणाले, “साळेबुवा, सांगायचं राहिलं. काल बाबांची गादी एका साक्षगंधाले, अंगठीच्या कार्यक्रमाले गेली होती. कोणीतरी तिच्यावर गुलाबजामचा पाक सांडवला. पण भाडं पूर्ण मिळालं.”

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी त्या कुटुंबाकडे वळलो, छताकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून असा भाव निघाला की मुलीच्या हातातल्या याद्या खाली पडल्या.

“काही कमी?” बापानं हळूच विचारलं.

“एक पैसा नाही,” मी म्हणालो.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बाईंनी पर्स उघडली.